हमरापूरची नखं

रंभा सिस्टर माणसाचं गाव त्याच्या हातावरून ओळखायची. पेणच्या सरकारी दवाखान्यातल्या नोकरीत ती मुरली होती आणि तिची ही सवय शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. मिठागरावरचा माणूस आला की त्याच्या तळव्याच्या भेगा मिठानं पांढऱ्या झालेल्या असायच्या. भट्टीवर राबणारी वाडीवरची बाई आली की बोटांच्या पेरांत कोळसा बसलेला. आणि हमरापूरचं माणूस असलं की नखांत रंग. हे शेवटचं ओळखायला तिला बघावंही लागत नसे, कारण ती स्वतः हमरापूरची. गणपतीच्या कारखान्यात तिचं लहानपण गेलं. तिच्या बापाला चितेवर ठेवलं तेव्हाही त्याची नखं पिवळीच होती, उभा जन्म पितांबर रंगवण्यात गेला म्हणून.

श्रावण अर्धा सरला होता. कारखान्यांतून रात्रंदिवस काम चाललेलं, आणि अशा वेळी हमरापूरचं कुणी दवाखान्यात आलं तर ते फार आजारी असलं पाहिजे, एवढं खरं म्हणजे रंभाला कळायला हवं होतं. कमळाकर आपल्या बायकोला टेम्पोतून घेऊन आला. टेम्पोच्या मागच्या बाजूला कच्च्या मूर्ती पेंढ्यात बसवलेल्या होत्या, त्या पेणच्या एका व्यापाऱ्याकडे पोचवायच्या होत्या. त्यानं बायकोला पुढच्या सीटवरून उतरवलं, वॉर्डाच्या दारापर्यंत आणलं आणि म्हणाला, "रंभाताय, हिला बघ गो जरा. कालपासून खोकतेय. माल टाकून आलोच."

"जा तू. माझ्या घरातच आणलीस असं समज," रंभा म्हणाली.

पुतळी रंभाच्याच आळीत दिलेली. वयानं लहान, हसरी, कामाला चलाख. तिच्या बाळंतपणात रंभाच होती, दत्तूची नाळ तिनंच कापली. तिला बघून रंभाला बरंच वाटलं.

"काय गो पुतळे, बरी ऐन सीझनात आजारी पडलीस? सासूनं सोडली कशी?"

पुतळी हसली. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर ती खाटेच्या कडेला हात टेकून बसून राहिली, वाकून, जणू जमिनीवर काही शोधते आहे.

"आडवी हो."

"बसलेलीच बरी हाय मी."

रंभानं ताप बघितला. थोडा होता. नाडी जलद होती, पण तापात ती तशी असतेच. ओठ काळपट होते, आणि पुतळी मिश्री लावते हे साऱ्या आळीला माहीत होतं. नखं निळी होती. निळ्या शेल्याचे गणपती त्या वर्षी फार खपत होते, गावात गेलं की घराघरांतून निळ्या रंगाचे डबे उघडे दिसत. रंभानं तिचा हात हातात घेतला, बघितला आणि खाली ठेवला. जीभ दाखव, असं ती दुसऱ्या कुठल्याही रोग्याला म्हणाली असती.

त्या दिवशी दवाखान्यात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचं शिबिर होतं. डॉक्टर सकाळपासून ऑपरेशनच्या खोलीत. मधे एकदा हात पुसत ते वॉर्डाच्या दाराशी आले आणि तिथूनच त्यांनी खाटांवरून नजर फिरवली. पुतळीवर ती थांबली.

"सिस्टर, ही नवीन बाई. नखं निळसर दिसताहेत का?"

"हमरापूरची आहे, डॉक्टर."

"अच्छा, अच्छा." डॉक्टर हसले. रंभाही हसली. पेणच्या दवाखान्यात हे उत्तर पुरेसं होतं. आत एक बाई टेबलावर वाट बघत होती. तापाची गोळी आणि खोकल्याचं औषध सुरू करायला सांगून डॉक्टर परत गेले.

समोरच्या खाटेवर मिठागरावरचा गुणाजी होता. त्याला दम्याचा झटका आलेला, आणि वॉर्डातला एकुलता एक ऑक्सिजनचा सिलिंडर त्याच्या उशाशी फुसफुसत होता. गुणाजीचा दमा लांबून ऐकू येई. तोंडावरचा मास्क बाजूला करून तो म्हणाला, "सिस्टर, या नळीतना वाऱ्यापरीस आवाजच जास्ती येतोय."

"मग गप पडून आवाज ऐक. आणि तो मास्क काढू नकोस, तुला किती वेळा सांगायचं?"

"बोललो नाय तर मरंन मी."

"बोललास तर मी मारीन."

पुतळी हे ऐकून हसली असावी. तिचे खांदे हलताना रंभाला दिसले. पण तिचा आवाज आला नाही. सबंध वॉर्डात तीच एक शांत होती, आणि शांत रोग्याकडे शिबिराच्या दिवशी कोण बघतं?

दुपारचं जेवण वाटून झालं. ऑपरेशन झालेल्या बायका ओळीनं निजल्या होत्या. रंभाला जरा उसंत मिळाली, तेव्हा तिनं एक माया केली. कापसाचा बोळा रॉकेलमध्ये भिजवला आणि ती पुतळीच्या खाटेवर जाऊन बसली. हमरापुरात रंग रॉकेलनंच काढतात. शाळेत पाठवण्याआधी रंभाची आई तिची बोटं अशीच एकेक करून पुसायची, आणि मग शाळाभर वास येतो म्हणून पोरी तिच्याजवळ बसत नसत. डॉक्टर संध्याकाळी नीट तपासतील तेव्हा हात स्वच्छ असावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

"कुठल्या मूर्तीचा शेला रंगवत होतीस गो? निळा अगदी मुरलाय."

पुतळी दोन शब्द बोलायची आणि थांबायची. "मी कुठं... रंगवतेय... कालच आले... रोह्यावरनं. आयशीकडं... होते."

"कधीपासून?"

"आषाढ... लागला तेव्हापासना."

रंभाचा हात थांबला नाही. तो घासतच राहिला, कारण हाताला कळायला वेळ लागतो. बोळा पांढराच होता. तिनं पुतळीचं नख दाबलं. नख पांढरं झालं. सोडलं, तर हळूहळू निळं आलं, आतून. रंग असा जात-येत नाही.

"जीभ दाखव," रंभा म्हणाली. तिचा आवाज इतका बदलला की गुणाजीनं मास्क काढला. पुतळीची जीभ जांभळासारखी होती.

मग पळापळ झाली. गुणाजीनं स्वतःच नळी काढून हातात दिली आणि "तिला लावा, तिला लावा" म्हणत तो भिंतीला टेकून खोकत बसला. डॉक्टर हातमोज्यांसकट धावत आले. छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. छातीत पाणी भरलं होतं, हृदयाची झडप खराब असावी, आजची नव्हे, लहानपणापासूनची. इंजेक्शन दिलं. अलिबागला मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. गाडी मिळाली, रंभा सोबत बसली. कमळाकर तोवर परत आला होता, तो पुढे ड्रायव्हरजवळ बसला आणि सारखा मागं वळून विचारू लागला, "काय म्हणतेय ती? बोलतेय ना?"

पुतळी बोलत होती. दत्तूला दुपारी कुणी भरवलं असेल, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. वडखळचा नाका ओलांडल्यावर तिनं ते विचारायचं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी रंभा डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"मी आधी ओळखलं असतं तर वाचली असती का?"

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनाही झोप लागली नसावी. ते म्हणाले, "सकाळीच ऑक्सिजन आणि इंजेक्शन दिलं असतं, तर वेळ मिळाला असता. वेळ म्हणजे जीव असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणवत नाही."

"मग तिच्या माणसांना सांगायला हवं."

"काय सांगणार? हृदय बंद पडून गेली, हे मी लिहिलंय आणि ते खरं आहे. सिस्टर, मी दारातून विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत, मी मान्य केलं. चार पावलं चालून खाटेपर्यंत आलो नाही. आता तुम्ही आपलं नाव घ्या किंवा माझं. ती परत येणार नाही आणि उद्यापासून आपल्याकडे कुणी विश्वासानं येणार नाही."

रंभा वॉर्डात परत गेली. त्यांचं म्हणणं तिला पटलं नाही, पण त्यानं तिची सुटका झाली, आणि सुटका माणूस नाकारत नाही. ती तशीच गप्प राहिली असती. पुष्कळ माणसं राहतात. पण दहाव्याला ती हमरापूरला गेली आणि तिथं तिनं बायजाबाईला पाहिलं.

बायजाबाई म्हणजे पुतळीची आई. रोह्याला नदीकाठी एका खोलीत एकटी राहायची, भाताच्या गिरणीत पाखडायला जायची. ती कमळाकरच्या अंगणात उभी होती आणि कमळाकरची आई गिरजाबाई ओटीवरून बोलत होती, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

"पोर मरायला टेकली तवा आमच्या गळ्यात टाकलीस! महिना महिना ठेवून घेतलीस, काढे पाजलेस, आणि अंगात काय उरलं नाय तवा गाडीत कोंबलीस! आमच्याकडं एक रात पण नाय जगली धड. आता कशाला आलीस, नातू न्यायला?"

"सीझन हाय, पाठव, म्हणून तुम्हीच निरोप धाडलात," बायजाबाई म्हणाली, पण इतक्या हळू की तिचं तिलाच ऐकू आलं असेल. "दत्तूला एकदा घेऊ दे मला. एकदा घेते नि जाते."

"त्याला हात लावू नकोस!"

मूल ओटीवर गिरजाबाईच्या पदराआड होतं. बायजाबाईला बघून ते पुढं झालं, त्याला मागं ओढलं. कमळाकर मान खाली घालून उभा होता. बायजाबाई वळली आणि स्टेशनच्या वाटेला लागली, आणि कुणीही तिला पाणी विचारलं नाही.

रंभाला त्या रात्रीपासून अन्न गोड लागेना. ज्या चुकीसाठी त्या बाईला हाकललं होतं, ती तिची नव्हती. आपण गप्प आहोत म्हणून ती शिक्षा भोगते आहे, हे रंभाला दिसत होतं. ज्या दिवशी तिला सुट्टी मिळाली त्या दिवशी ती रोह्याच्या गाडीत बसली. त्या मार्गावर गाडी सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. कासू स्टेशनात भाजीवाल्या बाया चढल्या, त्यांनी सरकून घ्यायला सांगितलं तेही तिला उशिरा कळलं.

बायजाबाई दारातच सूप घेऊन बसली होती. रंभानं सगळं सांगितलं. नखं, मिश्री, डॉक्टरांचा प्रश्न, आपलं उत्तर, रॉकेल. काही राखलं नाही. बायजाबाई सूप मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

"लहानपणी तिचे गुडघे सुजायचे," ती शेवटी म्हणाली. "वारं भरलं म्हणून मी शेकायची. त्याचंच झालं काय हे?"

"त्याचंच असावं. सांधे सुजवणारा तो ताप पुढं हृदयाची झडप खातो. पण ते तुम्हाला कसं कळणार? ते कळायचं काम माझं होतं."

"तू सांगत्येस त्याचा मी काय करू गो बाय? तुला शिव्या घालू?"

"घाला."

"नाय येत तोंडात." बायजाबाईनं सुपातले तांदूळ उगाच हलवले. "मी रोज रात्री म्हणते, नसती पाठवली तर. तू म्हणत्येस, मी नीट बघितली असती तर. दोघींचं मिळून पण ती येत नाय." मग तिनं एकदम वर पाहिलं. "हे तू त्यांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग त्यांना सांग! मला कशाला सांगत्येस? तू त्यांच्या गावची, तुझं ते ऐकतील. तू बोललीस तर पोराला दाखवतील मला." तिनं रंभाचं मनगट धरलं. पाखडून पाखडून तिचे हात कठीण झालेले होते. "मला दुसरं काय नको. रविवारी गिरणी बंद असते. मी स्टेशनावर येईन. तू घेऊन येशील त्याला? दिवसभरापुरता? संध्याकाळच्या गाडीनं परत ने."

इथं रंभानं सावध व्हायला हवं होतं. पण आपल्या गावाची माणसं आपल्याला आरपार माहीत आहेत, अशी तिची खात्री होती. खरं कळलं की कमळाकर स्वतः पोराला घेऊन येईल, असं तिला वाटलं.

"येते," ती म्हणाली. "घेऊनच येते."

हमरापूरला ती गेली तेव्हा कारखान्यात डोळ्यांची आखणी चालली होती. कमळाकर पाटावर बसून एका मूर्तीच्या बुबुळात काळा ठिपका भरत होता. मूर्तींच्या रांगेपलीकडे गिरजाबाई दत्तूला भात भरवत होती. रंभाला बघून तिनं पोराला म्हटलं, "बघ, तुझी रंभाआत्या आली."

रंभा उभ्यानंच बोलली. रोह्याला बोलली होती तसंच, तितकंच. कमळाकरनं कुंचला खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले, आणि रंभाला वाटलं, कळलं याला.

"ताय," तो म्हणाला, "तू रोह्याला गेली होतीस?"

"हो. आधी तिच्या आईला सांगितलं."

"तरी म्हटलं!" गिरजाबाईनं भाताची ताटली आपटली. "म्हातारीनं हिच्या डोक्यात भरवलं सगळं!"

"नाही हो काकी, मीच गेले. मीच सांगितलं."

"तू कशाला सांगशील स्वतःवर? येडी हायस? त्या म्हातारीनं तुझ्यापुढं रडून तुझं काळीज फिरवलंन. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या पदरात टाकते अवदसा!"

"कमळाकर, तू तरी ऐक. नखं निळी होती. मी बघितली. रंग समजले. चूक माझी आहे."

"हमरापूरच्या माणसाची नखं निळी असली तर त्याला रंग नाय म्हणणार तर काय म्हणणार?" कमळाकर म्हणाला. त्यानं आपले दोन्ही हात तिच्यापुढं धरले, दहाही नखं रंगलेली. "बघ. मी पण रंगच म्हटला असता. ताय, माझ्या बापाच्या शेवटच्या दुखण्यात तू रोज यायचीस. माझ्या पोराला तू या जगात आणलास. तुझ्यावर आम्ही बोट ठेवू काय? तुझं मन मऊ, म्हणून तुला असं वाटतंय."

"ठेव बोट!" रंभा ओरडली. "ठेव ना! मी सांगतेय तुला!"

रंगवणाऱ्या बाया थांबून बघू लागल्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसरीला हळूच म्हणाली, "लई लागलंय बिचारीच्या मनाला. सख्ख्या भावजयीसारखी होती ना तिला." आणि रंभाला त्या घरात समजूत घालून खाली बसवण्यात आलं, पाणी पाजण्यात आलं.

"एका दिवसापुरतं पोराला माझ्याबरोबर द्या," ती शेवटी म्हणाली. "मी नेते, मी आणते."

कमळाकरचा चेहरा तेव्हा बदलला. आवाज मात्र चढला नाही. "म्हणजे त्याच्यासाठी होतं हे सगळं. म्हातारीला पोरगा पायजे म्हणून तुला पुढं केलंन. ताय, तुझ्याबद्दल माझ्या मनात काय नाय. पण तिला सांग, आजपर्यंत मी आयेला म्हणत होतो की जाऊ दे, वर्षश्राद्ध झालं की भेटू दे एकदा म्हातारीला. आता नाय. पेणच्या सिस्टरला नादी लावणारी बाई माझ्या पोराला काय काय शिकवंल? मरेपर्यंत तोंड दिसणार नाय त्याचं."

त्यानं कुंचला उचलला, टोक ओठांत धरून सारखं केलं आणि पुढच्या मूर्तीकडे वळला. दत्तू भात मागत होता.

रविवारी जाऊ नये, असं रंभाला वाटलं. निरोप पाठवावा, कुणाच्या तरी हाती चिठ्ठी द्यावी, असंही वाटलं. पण तेवढं एक तोंडानं सांगण्यावाचून तिच्याकडे आता दुसरं काही उरलं नव्हतं. ती गेली.

रोह्याला गाडी संपते. सगळेच उतरतात आणि डबे रिकामे होतात. रंभा उतरली तर बायजाबाई फलाटावरच होती, धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून बसवून. तिनं रंभाला पाहिलं आणि ती हसली. मग तिची नजर रंभाच्या कमरेवरून गेली, तिच्या पदरामागं गेली, तिच्या मागच्या दारात जाऊन थांबली.

माणसं उतरत राहिली. भाजीच्या पाट्या उतरल्या, एक सायकल उतरली. शेवटी कुणी उतरेना.

"बायजाबाई," रंभा म्हणाली.

"झोपलाय व्हय गो?" बायजाबाई म्हणाली. "बाकावर झोपलाय? थांब, तू नको उठवू, रडंल. मी घेते." आणि रंभाला बाजूला सारून, दांडीला धरून, ती त्या रिकाम्या डब्यात चढू लागली.

रंभानं तिला थांबवायला हात पुढं केला. पण तोवर म्हातारी आत गेली होती. खिडक्यांतून ती एकामागून एक बाक बघत जाताना रंभाला फलाटावरून दिसत होती.